साखर आटोक्यात आहे, पण रक्तवाहिन्यांचे काय?

वाचकांचे प्रश्न : मधुमेह विशेष

मधुमेहाविषयीचे प्रश्न पाठवावेत असे आवाहन गेल्या अंकात केले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. जवळजवळ प्रत्येक पत्रात साखरेचा आकडा आहे. रक्तदाबाचा आकडा मात्र मोजक्याच वाचकांनी कळवला आहे, आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी केल्याचे केवळ एका पत्रात आढळले. मधुमेहाने माणसाचे जे नुकसान होते ते बहुतांशी रक्तवाहिन्यांच्या वाटेने होते, आणि त्या वाहिन्या शेवटपर्यंत दुखत नाहीत. म्हणून या वेळी त्याच विषयाशी संबंधित सात पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. वय ५२. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. माझ्या वडिलांनाही मधुमेह असून मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.१ आहे आणि ती चांगली असल्याचे डॉक्टर सांगतात. रक्तदाब १५०/९० च्या आसपास असतो. पण त्याची गोळी मी डोके जड झाले तरच घेतो, कारण ती एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही असे ऐकले आहे. दिवसातून सात-आठ वेळा तंबाखू मळतो. साखर आटोक्यात असल्यामुळे माझ्या रक्तवाहिन्यांना धोका नाही, असे समजावे का?

उत्तर : नाही, तसे समजू नये. साखरेच्या बाबतीत तुम्ही जे साधले आहे ते खरोखर कौतुकास्पद आहे, परंतु तुमच्या पत्रातील १५०/९० आणि तंबाखू या दोन गोष्टी वाचून मला ७.१ या आकड्याचे समाधान फार वेळ टिकवता आले नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. हा थर म्हणजे नुसते अस्तर नव्हे. रक्तवाहिनी केव्हा सैल व्हावी, केव्हा आवळावी आणि रक्त आतल्या आत गोठू नये यासाठी काय करावे, हे तो ठरवतो. त्यासाठी तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात तयार करतो, आणि या शोधासाठी १९९८ मध्ये तीन शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील अनेक पेशी रक्तात साखर वाढली तरी आपल्या आत किती साखर घ्यायची यावर बंधन ठेवू शकतात. अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. रक्तात जितकी साखर वाढेल तितकी ती त्यांच्या आत शिरते, तेथे घातक रसायने तयार होतात, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो आणि भिंत हळूहळू जाड व ताठर होत जाते.

तुम्ही केळीच्या बागेत ठिबक वापरत असाल, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पाण्यातील क्षारांनी आधी ड्रिपरची बारीक छिद्रे बुजतात. मधुमेहात तसे डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा यांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्यांचे होते. मुख्य लाइनवर मात्र क्षारांपेक्षा दाबाचा ताण जास्त येतो. हृदय, मेंदू आणि पाय यांच्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या या मुख्य लाइनसारख्या आहेत, आणि त्यांना साखरेबरोबरच वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हे तिघे मिळून खराब करतात.

हे केवळ उदाहरणापुरते नाही. इंग्लंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नुकताच मधुमेह झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांना सरासरी दहा वर्षे पाहिले गेले आणि १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची एचबीए१सी ७.९ ऐवजी ७ राहिली, त्यांच्यात बारीक वाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात काही रुग्णांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ होता आणि काहींचा औषधांनी १४४/८२ पर्यंत उतरवला होता. फरक वरच्या आकड्यात केवळ दहाचा, पण ज्यांचा दाब उतरवला त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झाले. तुमचा दाब ज्या पातळीवर आहे, त्याच पातळीवरच्या माणसांचे हे आकडे आहेत.

गोळी जन्मभर लागते ही भीती आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. गोळीने रक्तदाबाची सवय लागत नाही. रक्तदाब हाच दीर्घकाळ राहणारा आजार असल्यामुळे गोळी दीर्घकाळ लागते. डोके जड झाल्यावर एखादी गोळी घेणे म्हणजे मधल्या सर्व दिवसांत धमन्यांना तसेच सोडून देणे, कारण दाब वाढलेला असतानाही बहुसंख्य माणसांना काहीच जाणवत नाही. मधुमेहात बहुतेकांसाठी रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट धरले जाते. गोळी रोज, ठरलेल्या वेळी घ्या आणि घरी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात पाच मिनिटे शांत बसल्यानंतर दाब मोजून वहीत लिहून ठेवा.

तंबाखूच्या बाबतीत मी स्पष्ट लिहितो, कारण तुमच्या वडिलांच्या पायाचे उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मळून खाल्लेल्या तंबाखूत धूर नसला तरी निकोटीन असते. ते प्रत्येक वेळी धमन्या आवळते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. सात-आठ वेळा मळण्याचा अर्थ असा की दिवसभरात तुमच्या धमन्यांना उसंत मिळतच नाही. अनेकांना एकट्याने सोडणे जमत नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही; केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा त्यासाठीच आहे, तसेच तलफ कमी करणाऱ्या निकोटीनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात.

एक गोष्ट पत्रात नाही, ती विचारतो. चालताना पोटरीत गोळा येतो का, आणि थांबले की दोन-चार मिनिटांत तो जातो का? तसे होत असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहण्याची साधी, वेदनारहित तपासणी असते. ते गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर पायाला रक्त कमी पोहोचते असे मानतात. मधुमेहात कधी कधी धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या इतक्या कडक होतात की हा आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून तो १.३ च्या पुढे असला तरी खूश न होता पायाच्या बोटाचा दाब तपासून घ्यावा. वडिलांची ही तपासणी दुसऱ्या पायासाठीही आवर्जून करा.

प्रश्न : मी अमळनेर येथे शिक्षिका आहे, वय ४६. चार वर्षांपासून मधुमेह आहे. लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ६८ आले. रक्तातील क्रिएटिनिन मात्र ०.८ म्हणजे नॉर्मल आहे. रक्तदाब १३८/८६ असूनही डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केली आणि आणखी एक साखरेची गोळी वाढवली, जिच्यामुळे लघवीला वारंवार जावे लागते. मूत्रपिंड ठीक असताना एवढी औषधे कशासाठी?

उत्तर : पत्रांच्या त्या ढिगात ही तपासणी केलेल्या एकमेव वाचक तुम्हीच, आणि ज्या डॉक्टरांनी ती करून घेतली त्यांनी तुमच्यावर मोठे उपकार केले आहेत.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे लाखो सूक्ष्म गुच्छ असतात. निरोगी असताना ही चाळणी अल्ब्युमिन हे प्रथिन सहसा खाली जाऊ देत नाही. तिचे अस्तर बिघडू लागले की अल्ब्युमिन झिरपू लागते. हे गुणोत्तर ३० च्या आत असावे. ३० ते ३०० या दरम्यान असेल तर झिरपणे सुरू झाले आहे, पण ते रोखण्यास आणि कित्येकदा मागे नेण्यासही अजून वाव आहे. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, हा फार उशिरा बोलणारा आकडा आहे. मूत्रपिंडांची बरीच क्षमता गेल्यानंतरच तो वाढू लागतो, म्हणून ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढ्यावरून मूत्रपिंड ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय हे झिरपणे केवळ मूत्रपिंडापुरते राहत नाही. अस्तर एका ठिकाणी बिघडले तर ते अन्यत्रही बिघडत असण्याची शक्यता असते, आणि अशा रुग्णांत हृदयविकाराचे प्रमाणही अधिक आढळते.

मात्र एकाच तपासणीवर विसंबू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांमुळेही हा आकडा तात्पुरता वाढतो. तीन ते सहा महिन्यांत केलेल्या तीनपैकी दोन तपासण्यांत तो वाढलेला आढळला तर निदान पक्के समजतात. टेल्मिसार्टन रक्तदाब तर उतरवतेच, शिवाय त्या गाळणीच्या आतला दाब कमी करते, आणि तुमच्या बाबतीत दुसरा हेतू पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ती सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासले जाते. ते राहिले असेल तर करून घ्या. गर्भधारणेची शक्यता असेल तर हे औषध चालत नाही, ही गोष्ट डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावी.

दुसरी गोळी तुमच्या वर्णनावरून डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील दिसते. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि मूत्रपिंड व हृदय यांचे रक्षण करण्यात त्यांचा उपयोग मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाला आहे. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यापासून अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळतात, त्यामुळे ‘महागडे औषध’ हा आक्षेपही आता फारसा उरलेला नाही. परंतु आपल्या भागात एक काळजी निश्चित घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा घामाने आधीच पाणी जाते आणि ही गोळी त्यात भर घालते. उलट्या, जुलाब, तीव्र ताप किंवा निर्जळी उपवास असेल तर ती गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची असते. कशी व किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. लघवीच्या जागी खाज आली तर संकोच न करता सांगावे, तो सहज बरा होणारा बुरशीचा संसर्ग असतो.

आणि एक कळकळीची विनंती. गुडघे दुखले, कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून घेण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती तुम्ही आजपासून पूर्ण बंद करा. झिरपणाऱ्या मूत्रपिंडाला त्या गोळ्या फार महागात पडतात.

प्रश्न : धुळे येथून लिहीत आहे. माझ्या थोरल्या भावाला (वय ६१) बारा वर्षांपासून मधुमेह आहे. लसूण, आले, लिंबू यांचा रस आणि व्हिनेगर उकळून त्यात मध घातलेला काढा घेतला की हृदयाच्या नळ्यांतील ब्लॉकेज विरघळतात, असे त्याला कोणीतरी सांगितले. दोन महिन्यांपासून त्याने कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून हा काढा सुरू केला आहे. काही अपाय तर होणार नाही ना?

उत्तर : अपाय दोन आहेत. काढ्यातील मध ही साखरच आहे, त्यामुळे रोज सकाळी उपाशीपोटी ती पोटात जाते. त्याहून मोठा अपाय बंद केलेल्या गोळीचा आहे.

वर मी ठिबकचे उदाहरण दिले, पण ते येथे थांबवावे लागेल. धमनीतील अडथळा हा नळीच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर नसतो, की जो एखाद्या आंबट द्रवाने धुऊन निघेल. कोलेस्टेरॉल अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत साचते आणि त्यावर एक पातळ आवरण असते. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा नळी हळूहळू बंद होऊन येत नाही. ते आवरण एकाएकी फाटते, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल उतरवते, भिंतीतील सूज कमी करते आणि ते आवरण मजबूत करते. हृदयविकार नसलेल्या २,८०० हून अधिक मधुमेही रुग्णांवर ब्रिटन व आयर्लंडमध्ये झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाच्या अवघ्या १० मिलिग्रॅम मात्रेने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणूनच मधुमेह असलेल्या चाळिशीपुढील बहुतेक व्यक्तींना, कोलेस्टेरॉलचा अहवाल ‘नॉर्मल’ असला तरी, ही गोळी सुचवली जाते. एलडीएल, म्हणजेच वाईट कोलेस्टेरॉल, हा आकडा भावासारख्या रुग्णांत ७० च्या खाली, आणि झटका येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

लसूण भाजीत, चटणीत भरपूर खावा, त्याला माझा विरोध नाही. पण भावाला गोळी आजच पुन्हा सुरू करण्याविषयी त्याच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. गोळीने स्नायू दुखत असल्यामुळे त्याने ती सोडली असेल तर मात्रा किंवा औषध बदलता येते. तसे काही आहे का ते प्रेमाने विचारा, रागावून विचारले तर तो सांगणार नाही. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून सुरू करू देऊ नका. ज्यांना झटका वा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांना ते आवश्यकच असते. इतर मधुमेही रुग्णांत मिळणारा थोडा लाभ आणि रक्तस्रावाचा वाढलेला धोका जवळजवळ सारखेच भरतात.

प्रश्न : आम्ही शहादा तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत आणि वीस वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. पायांना मुंग्या येतात, कधी कधी चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही. तरीही त्या उन्हाळ्यात अनवाणी खळ्यात जातात, टाचांच्या भेगांना बिब्बा लावतात आणि रात्री विटेचा शेक घेतात. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील चप्पल निघून गेल्याचे वाक्य मी पुन्हा वाचले. सासूबाईंच्या पायाची जाणीव गेली आहे, आणि ज्या पायाला दुखत नाही त्या पायाची काळजी घरातील दुसऱ्या कोणाला तरी घ्यावी लागते. ती जबाबदारी तुम्ही मनाने उचललेलीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नसांनाही रक्त लागते, आणि ते पुरवणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्या मधुमेहात खराब होतात. साखरेचा नसांवर थेट परिणामही होतो. सर्वांत लांब नसा तळपायापर्यंत जातात, म्हणून जाणीव प्रथम तेथून जाते. वैशाखात दुपारी आपल्याकडच्या तापलेल्या मातीवर, फरशीवर किंवा लोखंडी जिन्यावर अनवाणी पाय ठेवला तर निरोगी माणूस चटकन पाय उचलतो. सासूबाईंना ते कळणार नाही, आणि संध्याकाळी फोड दिसेल. विटेच्या शेकाने तेच रात्री होईल. बिब्ब्याचे तेल तर कातडी जाळते. ज्याला दाह कळतो तो ते पुसून टाकतो, पण त्यांच्या बाबतीत ती जखम खोलवर जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. या तिन्ही गोष्टी आजपासून बंद व्हायला हव्यात. शेक हवाच असेल तर पायमोजे घालून पांघरूण घेणे पुरेसे आहे.

रोज संध्याकाळी उजेडात त्यांचे पाय स्वतः पाहा. तळवा, टाचा, आणि विशेषतः बोटांच्या बेचक्या. लालसर डाग, फोड, भेगेतून आलेले रक्त, रुतलेला बाभळीचा काटा, यांपैकी काही आहे का ते पाहायचे. पाय कोमट पाण्याने धुवायचे आणि पाण्याची ऊब कोपराने तपासायची, त्यांच्या पायाने नव्हे. बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांना खोबरेल तेल लावावे पण बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत. कुरूप ब्लेडने कापू नये आणि त्यावर बाजारातील औषधी पट्टी चिकटवू नये. जोडवी घट्ट बसत असतील तर काढून ठेवावीत. सौभाग्याचे लेणे म्हणून त्यांना ते अवघड जाईल, हे मी जाणतो. पण बोट सुजले की तेच जोडवे रक्ताची वाट अडवते. देवाजवळ ठेवले तरी त्यांचा मान राखला जातो, असे सांगून पाहा.

पादत्राणे मऊ एमसीआर रबराच्या तळाची आणि मागे पट्टा असलेली असावीत, म्हणजे ती निघून जाणार नाहीत. घालण्यापूर्वी हात घालून आत खडा, काटा किंवा विंचू नाही ना हे पाहण्याची सवय घरातील सर्वांनीच लावून घ्यावी. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांमध्ये त्याआधी पायावर एक जखम झालेली असते, म्हणजे ती जखम टाळली किंवा वेळेत भरून आणली तर पुढचे पुष्कळ टळते. जखम काळी पडली, वास आला, पाय लाल होऊन सुजला किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पाय गरम आणि सुजलेला आहे पण दुखत नाही, अशी स्थिती असेल तरीही थांबू नका. आतील हाडे मोडत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्या पायावर चालणे घातक ठरते.

त्या अनेक वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या. या औषधाने ते कमी होते आणि त्यानेही मुंग्या येतात. ती कमतरता भरून काढणे सोपे आहे.

समजावण्याविषयी एवढेच सुचवतो की ‘हे करू नका’ असे म्हणण्याऐवजी तुम्ही रोज त्यांचे पाय धुऊन पाहायला बसा. ज्या सासूबाईंनी आयुष्यभर इतरांचे केले, त्यांना सुरुवातीला संकोच वाटेल, पण आठवडाभरात त्या स्वतःच पाय पुढे करतील.

प्रश्न : मी भुसावळ येथे रेल्वेत नोकरीला आहे, वय ४१, पाळीची ड्युटी असते. वर्षभरापूर्वी मधुमेह निघाला. भाकरी, शेवभाजी, भरीत, केळी हे सगळे सोडावे लागेल का? शिवाय आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाला काय करावे?

उत्तर : आपल्या घरचे जेवण सोडून दुसरीकडचे काही शोधण्याची मुळीच गरज नाही. कळण्याची भाकरी ही माझ्या मते मधुमेहासाठी आपल्या स्वयंपाकघरातील उत्तम गोष्टींपैकी एक आहे. ज्वारीत उडीद मिसळल्यामुळे प्रथिने वाढतात आणि साखर सावकाश चढते. दोन भाकरींऐवजी एक, आणि ताटातील अर्धी जागा मेथी, पोकळा, गिलके, काकडी यांना दिली तर फरक महिनाभरात दिसतो. भरताचे वांगे निर्दोष आहे, वरून ओतलेले तेल मोजावे. शेवभाजीची गोष्ट वेगळी आहे. तीत तळलेली शेव, तर्रीचे तेल आणि मीठ असे तिन्ही एकत्र येतात, आणि मीठ रक्तदाबाच्या वाटेने थेट रक्तवाहिन्यांवर येते. दिवसभराचे मीठ सर्व मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, एवढेच असावे. पापड, बिबडे, कुरडया आणि लोणचे धरून. शेवभाजी महिन्यातून एखाद्या वेळी खावी. केळ्यात पिष्ट आणि साखर मिळून साधारण २५ ग्रॅम असतात, तेव्हा लहान आकाराचे, फार न पिकलेले अर्धे केळे जेवणापासून वेगळ्या वेळी चालते, शिकरण नको.

आखाजीला आमरस आणि पुरणपोळी एकाच ताटात येते, तेथे दोहोंपैकी एक निवडावे. कानबाईचा रोट प्रसाद म्हणून अवश्य घ्यावा, पण तो संपेपर्यंत पोटभर खाण्याचा वाटा घरातील धडधाकट मंडळींना द्यावा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी चढते, आणि रात्रपाळीतही हे फलाटावर करता येते. पाळी बदलते तशा गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडून ड्युटीचा तक्ता दाखवून लिहून घ्या.

तुम्हाला मधुमेह होऊन वर्षच झाले आहे, आणि हा काळ फार मोलाचा आहे. वर ज्या इंग्लंडमधील अभ्यासाचा उल्लेख केला, त्यातील रुग्णांचा पुढे आणखी दहा वर्षे मागोवा घेतला गेला. दोन्ही गटांतील साखर तोवर सारखी झाली होती, तरीही ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत ती चांगली ठेवली त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी आढळले. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

प्रश्न : चाळीसगाव. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. ग्लिमेपिराइडच्या गोळीवर त्यांची एचबीए१सी ६.१ आहे, पण पहाटे त्यांना दरदरून घाम येतो आणि ते असंबद्ध बोलतात. साखर तर उत्तम आहे, मग हे कशामुळे?

उत्तर : त्या वेळी त्यांची साखर फार खाली जात असावी. पुढच्या वेळी लगेच ग्लुकोमीटरवर पाहा. ७० पेक्षा कमी असेल आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि नंतर थोडे खायला द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णालयात न्या. ६.१ हा आकडा तरुण रुग्णाला शोभतो. या वयात, साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या या औषधावर तो धोक्याचा आहे. एका मोठ्या अभ्यासात ज्या गटाची एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा आग्रह धरला होता, त्या गटाचे ते उपचार २००८ साली मुदतीपूर्वी थांबवावे लागले, कारण त्या गटात मृत्यू वाढले होते. वडिलांसाठी ७.५ ते ८ हे उद्दिष्ट पुरेसे आहे. गोळी कमी करण्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तोवर त्यांचे रात्रीचे जेवण चुकू देऊ नका.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे, पण दृष्टी उत्तम असून पेपर चष्म्याशिवाय वाचतो. तरीही डोळे तपासावे लागतात का? (पारोळा)

उत्तर : होय, दरवर्षी. डोळ्याचा पडदा ही शरीरातील अशी जागा आहे जेथे बारीक रक्तवाहिन्या न कापता, न टोचता प्रत्यक्ष दिसतात. तेथील वाहिन्यांतून गळती किंवा रक्तस्राव सुरू झाला तरी मध्यभाग वाचलेला असेपर्यंत दृष्टी चांगली राहते. ती अंधूक होते तेव्हा उपचारांची उत्तम वेळ टळून गेलेली असते. चष्म्याच्या दुकानातील तपासणी यासाठी उपयोगाची नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांच्या नेत्र विभागात ‘मधुमेहासाठी पडदा तपासायचा आहे’ असे सांगावे. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यामुळे चार-पाच तास समोरचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या.